ग्राफिक्स कार्ड दुबईहून येईपर्यंत

माझा लॅपटॉप पोहण्याच्या तलावात गेला, असं मी सांगते तेव्हा लोक हळहळतात. तलाव चित्रातला होता हे मग सांगावं लागतं.

मी मुंबईकरांच्या बंगल्यांची चित्रं करते. अलिबागपासून मुरुडपर्यंत ज्यांनी जागा घेऊन ठेवल्यात, त्यांना पाया खणायच्या आधी बंगला कसा दिसेल ते बघायचं असतं. ठेकेदार मला नकाशे पाठवतो. मी कॉम्प्युटरवर भिंती उभ्या करते, कौलं चढवते, अंगणात माड लावते आणि चित्र तयार व्हायला सोडून देते. भिंती लवकर होतात. माडही होतात. पाणी मात्र होता होत नाही. पाण्यावर ऊन पडतं, ते भिंतीवर उडतं, भिंतीवरून पुन्हा पाण्यात येतं, आणि या सगळ्या येण्याजाण्याचा हिशोब यंत्राला करावा लागतो. माझा लॅपटॉप तो हिशोब करताना चुलीवरच्या तव्यासारखा तापायचा.

आगरदांड्याजवळच्या आमच्या घरी आई गेल्यापासून बाबा आणि मी दोघंच. बाबांचा जन्म लाँचच्या इंजिनाशेजारी गेला. निवृत्त झाल्यावर त्यांना ऐकायला इंजिन उरलं नाही, म्हणून ते माझ्या लॅपटॉपचा पंखा ऐकत बसायचे.

"एवढं काय करतंय ते?" एकदा त्यांनी विचारलं.

"पाणी करतंय."

"समोर खाडी हाय. फोटो काढ आन चिकटव."

"खाडीचं पाणी गढूळ आहे बाबा. त्यांना निळं हवंय."

"मंग नीळ टाक," म्हणाले आणि जेट्टीवर निघून गेले.

शेवटी एका दुपारी तलाव अर्धा झालेला असताना लॅपटॉप बंद पडला. मुरुडच्या दुरुस्तीवाल्याने तो उघडला, आत बोट फिरवलं आणि बोट मला दाखवलं. आमच्याकडची हवा खारी. खिडकीचे गज, सायकलची साखळी, बाबांचा रेडिओ, सगळं तिने खाल्लेलं. लॅपटॉपलाही तिने सोडलं नव्हतं. "हा आता पापडासारखा झालाय," तो म्हणाला. "हात लावला तर मोडेल."

तलावाच्या या कामासाठी तयार मशीन घ्यायचं तर किती पडेल, ते मी फोनवर विचारलं आणि आभार मानून फोन ठेवला. उरला मार्ग एकच, सुटे भाग निवडून घरी जोडायचे. मग मी व्हिडिओ बघायला लागले. स्वस्तात कॉम्प्युटर कसा जोडावा हे सांगणारे लोक फार गोड बोलतात. सुरुवात गरिबाच्या खिशापासून करतात आणि प्रत्येक भागापाशी म्हणतात, यात फक्त थोडे पैसे अजून घातले तर. त्यांचं ऐकत गेलं की शेवटी आपण तयार मशीनच्याही पुढे जाऊन पोचतो.

बाबांना हे सांगितलं तर ते म्हणाले, "पापलेट परवडत न्हाय तेव्हा आपण उपाशी ऱ्हातो का? बांगडा आणतो."

तेच धोरण मी धरलं. चित्राचं खरं ओझं ग्राफिक्स कार्ड उचलतं, तेव्हा पापलेट तेवढं एकच, बाकी सगळे बांगडे. प्रोसेसर मी असा निवडला ज्याला स्वतःहून पडद्यावर काही दाखवता येत नाही. कार्ड असणारच होतं, मग त्या सोयीचे पैसे कशाला द्या. या निवडीचा मला पुढे अभिमान वाटायचा होता आणि घामही फुटायचा होता.

भाग आणायला अलिबागला निघाले तर बाबा इस्त्रीचा शर्ट घालून तयार. "मशीन घ्यायचं आन मी घरी बसू?" एसटीत रेवदंड्याचा पूल येईपर्यंत ते मला समजावत होते की कुठलंही यंत्र घेताना आधी ऐकायचं, मग उचलून बघायचं, मग भाव करायचा.

दुकानदार माझ्याच वयाचा, शांत माणूस होता. त्याने मदरबोर्डचं खोकं काउंटरवर ठेवलं. बाबांनी ते कानाशी नेऊन हलवलं.

"चालू करून दाखवा," ते म्हणाले.

"काका, हा सुटा भाग आहे. सगळे जोडल्याशिवाय चालू नाही होत."

"म्हणजे तुम्ही न ऐकताच विकता?"

दुकानदाराने माझ्याकडे बघितलं. मी छताकडे बघितलं.

मग कॅबिनेट, म्हणजे सगळे भाग ज्यात बसवायचे ती पत्र्याची पेटी. त्याने एक काचेची दाखवली. आत पंखे लाल, हिरवे, जांभळे असे रंग बदलत फिरत होते. बाबा तिच्यापुढे बराच वेळ उभे राहिले. मला वाटलं, आवडली.

"हे दिवे कशाला?"

"शो असतो काका. आजकाल सगळे घेतात."

"हिच्या टेबलावर वरात काढायची हाय का?"

आम्ही साधी काळी, छोटी पेटी घेतली. सगळ्यात स्वस्त होती आणि टेबलाच्या कप्प्यात मावत होती. ती किती छोटी आहे याचा विचार मी टेबलाच्या बाजूने केला, आतून केला नाही.

अडलं ते एसएमपीएसपाशी. घरातली वीज घेऊन सगळ्या भागांना बेताबेताने वाटणारा हा डबा. माझी निवड ठरलेली होती. वाचून, लोकांचे अनुभव बघून मी एक पक्का केला होता. तो जरा महाग होता, पण आमच्याकडे वीज झोके घेत येते, तेव्हा या ठिकाणी कंजुषी करायची नाही असं मी मनाशी म्हटलेलं. दुकानदाराने तो काढला, आणि त्याच्याशेजारी एक स्वस्तातला, कधी नाव न ऐकलेला डबाही ठेवला. बाबांनी दोन्ही हातांत एकेक घेतला आणि डोळे मिटले.

"तुझा हलका हाय."

"बाबा, वजनावरून नाही कळत."

"लाँचचं इंजिन कधी हलकं बघितलंस? आत तांबं असंल तर वजन लागणारच."

"काका म्हणतात ते अगदीच चूक नाही," दुकानदार म्हणाला. शांत माणसं भलत्या वेळी बोलतात.

"हातानं अंदाज चुकंल," म्हणत बाबा दोन्ही डबे घेऊन बाहेर पडले. शेजारी किराण्याचं दुकान होतं. मी पोचेपर्यंत तूरडाळ बाजूला सारून आमचा पहिला डबा काट्यावर चढलेला. वाण्याने काही न विचारता आकडा सांगितला. मग दुसरा ठेवला. स्वस्तातला डबा चांगलाच जड निघाला. डाळीसाठी खोळंबलेल्या बाई म्हणाल्या, "जड तेच घ्या. टिकतं." वाण्याने मान डोलावली. एवढ्या लोकांपुढे मी माझं वाचन घेऊन एकटी उभी होते. वर तो डबा स्वस्त, आणि मुरुडची गाडी सुटायची वेळ झालेली. मी जड डब्याचे पैसे दिले. परतीच्या वाटेत बाबांनी तो मांडीवर घेतला होता.

राहिलं ग्राफिक्स कार्ड. नवं घेण्याची ऐपत नव्हती, आणि जुनं इथे कुणाकडून घ्यायचं तर खाऱ्या हवेत किती वर्षं काढलेलं असेल याची खात्री नाही. तेव्हा खाला मदतीला आली.

खाला म्हणजे आमची शेजारीण. तिच्या परसातलं शेवग्याचं झाड आमच्याकडे शेंगा टाकतं, आणि आमची मांजर तिच्याकडे राहते. तिचा मुलगा माझ्याबरोबर शाळेत होता. आता दुबईत मोठमोठ्या इमारतींचे एसी बसवतो.

"काय गो पोरी, तुला जे पाहिजे ते त्याला सांगते," खाला म्हणाली. "तिकडे लोक धडधाकट वस्तू टाकून देतात."

मी मुलाचा नंबर मागितला. खाला म्हणाली, "नंबर कशाला? मी आहे ना." आणि माझ्यासमोरच फोन तोंडाशी धरून तिने निरोप बोलायला सुरुवात केली. "बेटा, शेजारच्या पोरीला ग्राफिकचं कार्ड पाहिजे. कसलं ते तीच जाणे. तू जेवलास का? काय जेवलास?"

मुलाला खरोखर कार्ड मिळालं. त्याच्या खोलीत राहणारा एक केरळचा मुलगा खेळ खेळायचा, त्याला नवं घ्यायचं होतं. खालाने फोटो दाखवला. कार्ड चांगलं होतं, माझ्या आवाक्यातलं होतं. मी लगेच हो म्हटलं.

पण खाला काही तेवढ्यावर थांबेना. दुसऱ्या दिवशी सकाळी दारात हजर. "पंखे दोन आहेत म्हणतो. तुला तीन नकोत?" मी म्हटलं, दोन पुरेत. तिसऱ्या दिवशी, "रंग काळा आहे. चालेल?" चालेल म्हटलं. मग, "खोका नाही म्हणतो. खोक्याशिवाय कसं घ्यायचं?" मग, "त्या केरळच्या पोराचं लग्न झालंय का ते विचारलं मी. नाही झालं." याचा कार्डाशी काय संबंध ते मला कळेना. ठेकेदाराचे फोन सुरू झाले होते. मी थोडी चिडून बाबांना म्हटलं, "खालाला एक वस्तू ठरवायला इतके दिवस का लागतात?"

बाबा शेंगा सोलत होते. "पोरगा आता रोज फोन उचलतोय तिचा," ते म्हणाले. "मागं महिन्यातनं एकदा उचलायचा."

दुसऱ्या दिवशी खाला आली तेव्हा तिच्याकडचे प्रश्न संपले होते. नुसतीच उंबऱ्याशी उभी राहिली.

"खाला," मी म्हटलं, "एक राहिलंच. कार्ड गरम किती होतं ते विचार ना."

तिचा चेहरा खुलला. त्यानंतर मी रोज एक प्रश्न शोधून ठेवायची. आवाज किती करतं, धूळ कशी पुसायची, उभं ठेवायचं की आडवं. मुलगा बिचारा मोठमोठी उत्तरं पाठवायचा. मधेच तो आईला म्हणाला, "अम्मी, तिला इंटरनेटवर बघायला सांग ना." खालाने त्याला सुनावलं, "बाईमाणसाला मशीनची माहिती पाहिजे तर द्यायला काय होतं तुला?"

एकच प्रश्न खरा होता, आणि नेमका तोच भलतीकडे गेला. मी म्हटलं होतं, "किती लांब आहे ते विचार." खालाने विचारलं, "बेटा, किती लांब आहे?" उत्तर आलं, "आता लांब नाही अम्मी, ईदला सुट्टी मिळतेय." खाला रडली, हसली, मला मिठी मारली. त्या गडबडीत कार्डाची लांबी विचारायची मला लाज वाटली.

मुलगा आला. बॅगेतून अत्तर निघालं, खजूर निघाले, दूध पावडर निघाली, एक वाघाचं चित्र असलेलं जाड ब्लँकेट निघालं. आमच्या हवेत ते पांघरणारा माणूस आजारीच पडेल. ब्लँकेटच्या घडीत कार्ड होतं. आम्ही सगळे आमच्या घरी आलो. मी आदल्या दिवशीच बाकीचे भाग पेटीत बसवून ठेवले होते. कार्ड खाचेवर धरलं आणि पुढे सरकवलं. दुसरं टोक पेटीच्या आतल्या लोखंडी जाळीला अडलं. वाकडं करून बघितलं. तरी अडलं. चार बोटं तरी कार्ड बाहेरच.

"मी लांबी सांगितली असती," मुलगा म्हणाला. "कुणी विचारलीच नाही."

खाला शेवग्याच्या झाडाकडे बघत होती.

बाबा मात्र कधी नव्हे इतके ताजेतवाने दिसायला लागले. इतके दिवस त्या पेटीत त्यांना करण्यासारखं काही सापडलं नव्हतं. ते आत जाऊन पत्रा कापायची करवत घेऊन आले. मी दोन्ही हात पेटीवर ठेवले.

"कापायचं नाही."

"जाळी कशाला हाय?"

"जुन्या पद्धतीच्या हार्ड डिस्क ठेवायला."

"तुझ्याकडं हाय तसली?"

"नाही."

"मंग ती खोली रिकामी हाय. भिंत पाडायची."

बंगल्यांच्या भिंती मी रोज पाडते, त्यामुळे मी पेटीवरचे हात काढले. सगळे भाग पुन्हा बाहेर काढले, कारण लोखंडाचा भुगा आत गेला असता तर संपलंच. अंगणात चटईवर पेटी आडवी केली. मुलाने धरली, बाबांनी कापली. एसी बसवणारा आणि इंजिन चालवणारा, दोघांची भाषा पटकन जुळली. कडा घासून गुळगुळीत केल्या. त्यावर बाबांना ग्रीस लावायचं होतं, खाऱ्या हवेसाठी. तेवढं मी लावू दिलं नाही, नखपॉलिशवर तडजोड केली. माझ्या पेटीच्या आत अजून गुलाबी कड आहे.

सगळं पुन्हा जोडलं. खालाने बिस्मिल्ला म्हटलं, बाबांनी पेटीला हळद-कुंकू लावलं, मी बटण दाबलं. पंखे फिरले. बाबा कान देऊन म्हणाले, "छान चाललंय." पडदा मात्र काळाच.

वायर हलवली. रॅम काढून पुसून बसवली. मुलगा पुन्हा पुन्हा सांगत होता की तिकडे चालू होतं, त्याने डोळ्यांनी बघितलंय. खाला त्या केरळच्या मुलाबद्दल काही बोलली ते मी इथे लिहीत नाही. माझ्या पाठीला घाम फुटला होता. एवढ्या लोकांचे हात लागलेली वस्तू, कुणाला काय म्हणणार? मग मी पेटीच्या मागे वाकून बघितलं. मॉनिटरची वायर मी सवयीने मदरबोर्डाच्या भोकात खुपसली होती. म्हणजे ज्या प्रोसेसरला पडद्यावर काही दाखवताच येत नाही, म्हणून मी तो स्वस्तात घेतला होता, त्याच्याकडेच मी चित्र मागत बसले होते. वायर काढून कार्डात लावली. पडदा उजळला.

"काय झालं होतं?" मुलाने विचारलं.

"लूज होतं," मी म्हणाले.

नव्या मशीनवर तलाव इतक्या लवकर झाला की चहा उकळायच्या आत निळं पाणी हललं. बाबांनी खुर्ची ओढून ते पुन्हा पुन्हा बघितलं. ती ऐट दोनच दिवस टिकली. तिसऱ्या दिवशी दुसऱ्या बंगल्याचं चित्र होत असताना टप् असा आवाज आला, जळका वास सुटला आणि सगळं शांत झालं. वास एसएमपीएसमधून येत होता.

बाबांनी तो डबा बाहेर काढला. लगेच उघडायचा नाही, आत वीज साठलेली राहते हे त्यांना माहीत होतं. चांगला आठवडाभर त्यांनी तो कपाटावर ठेवला. मग स्क्रू काढून झाकण उचललं. आत तांब्याच्या थोड्याशा तारा होत्या, आणि एका बाजूला चिकटवलेली लोखंडाची जाड पट्टी. तिचा विजेशी काडीचाही संबंध नव्हता. ती नुसती वजनाला ठेवलेली होती.

बाबांनी ती पट्टी तळहातावर घेऊन तोलून बघितली.

"वजन मात्र बरोबर होतं," ते म्हणाले.

अलिबागच्या दुकानदाराला पट्टी दाखवली तेव्हा त्याचाही चेहरा पडला. त्याने तो डबा परत घेतला, त्या मालाची बाकीची खोकी माझ्यासमोर फळीवरून खाली उतरवली, आणि मी आधी निवडलेला हलका डबा वरचा फरक घेऊन दिला. बाबा दुकानाबाहेरच थांबले होते. शेजारचा वाणी त्यांना विचारत होता, "काय काका, आज काय तोलायचं?" बाबांनी पावशेर शेंगदाणे तोलून घेतले.

नशिबाने कार्ड आणि बाकीचे भाग वाचले होते. ठेकेदाराला मी तलाव पहिल्याच दिवशी पाठवला होता. त्याचं उत्तर आता आलं, पार्टीने तलावाचा बेत रद्द केलाय, आता तिथे पेरूची बाग दाखवा. पेरू मी जुन्या लॅपटॉपवरही केले असते. बाबांना सांगितलं तर म्हणाले, "पेरू बरे. कुणी बुडत न्हाय."

मुलाची सुट्टी संपली. जाण्याच्या आदल्या दिवशी तो आमच्याकडे आला, एक छोटं खोकं टेबलावर ठेवलं आणि म्हणाला, "हा तुझ्या यादीत नव्हता. लावून टाक." आत कॅमेरा होता. त्याने तो स्वतः पडद्यावर बसवला, आईला खुर्चीत बसवून तिच्या डोक्याच्या उंचीला आणला, आणि रोज नाही, पण शुक्रवारी नमाजनंतर नक्की व्हिडिओ कॉल करीन, असं मला सांगितलं.

त्यामुळे शुक्रवारी दुपारी माझं काम बंद असतं. खाला नवी ओढणी घेऊन येते आणि खुर्चीत बसते. मुलाचा चेहरा मोठ्या पडद्यावर येतो, छोट्या फोनवर दिसायचा त्याच्या कितीतरी पट. पहिल्या शुक्रवारी तिने त्याच्या गालाकडे बोट दाखवून विचारलं, "हे काय लागलंय?" तो म्हणाला, दाढी करताना कापलं. मग तिने त्याला फोन घेऊन उठायला लावलं, स्वयंपाकघर दाखवायला लावलं, भांड्याचं झाकण काढायला लावलं.

"एवढीच डाळ?" ती म्हणाली. "आणि हा मागे कोण आहे?"

मागे केरळचा मुलगा होता. त्याने हात हलवला. खालाने त्याच्याकडे नीट बघून घेतलं आणि मला हळूच म्हणाली, "बरा वाटतो गो."